मीठ-मिरीचा ग्राइंडर पुन्हा पुन्हा का अडतो: कारण ओळखणे, दुरुस्ती आणि योग्य निवड

मीठ आणि मिरी दळण्याचे ग्राइंडर घरात आणले की सुरुवातीचे काही आठवडे ते उत्तम चालतात आणि मग तक्रारी सुरू होतात. मूठ फिरते पण मीठ पडत नाही, मिरीचे कधी पीठ तर कधी अर्धे दाणे पडतात, मूठ इतकी जड होते की सगळा जोर लावावा लागतो, किंवा मिठाच्या पांढऱ्या भुकटीत तपकिरी कण दिसू लागतात. अशा वेळी बहुतेक जण ग्राइंडर हलवतात, आपटतात आणि शेवटी दुसरा विकत आणतात. दुसऱ्याचीही काही महिन्यांत तीच गत होते, कारण पहिल्याला अडवणारी गोष्ट अनेकदा ग्राइंडरमध्ये नसतेच. ती मिठाच्या प्रकारात, ग्राइंडर वापरण्याच्या जागेत, किंवा मीठ आणि मिरी या दोन अगदी वेगळ्या पदार्थांसाठी एकसारखी यंत्रणा घेण्यात असते. म्हणून जुना ग्राइंडर का अडला याचा छडा लावणे हे नवा निवडण्यातलेच पहिले काम आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

हाताने फिरवायच्या बहुतेक ग्राइंडरांच्या तळाशी दोन भाग असतात: आतून दाते असलेले एक स्थिर कडे आणि त्याच्या आत फिरणारा दातेरी शंकू. वरची मूठ फिरवली की मधला दांडा या शंकूला फिरवतो. शंकूचे वरचे दाते मोठे आणि विरळ असतात; ते दाणा पकडून त्याचे तुकडे करतात. खाली जाताना फट अरुंद होत जाते आणि तेथील बारीक दाते त्या तुकड्यांची भुकटी करतात. शंकू आणि कडे यांच्यातले अंतर जितके कमी तितकी भुकटी बारीक. हे अंतर वरच्या नटाने किंवा तळाच्या फिरत्या चकतीने बदलता येते, आणि पुष्कळ ग्राइंडरांमध्ये एक छोटी स्प्रिंग शंकूला ठरवलेल्या जागी धरून ठेवते. इतकी साधी रचना असल्यामुळे बिघाडाचे मार्गही मोजकेच आहेत. माल दात्यांपर्यंत पोहोचत नाही, माल दात्यांमध्ये अडकून बसतो, किंवा दाते आपल्या जागेवर राहत नाहीत.

यांपैकी काय घडले आहे हे ओळखण्यासाठी एक सोपी तपासणी आधी करावी. ग्राइंडर पूर्ण रिकामा करावा, दळण्याचे अंतर जाडसर बाजूला न्यावे आणि मूठ हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवावी. अंतर आधी वाढवणे महत्त्वाचे आहे, कारण अगदी बारीक अंतरावर रिकामा ग्राइंडर फिरवला तर दाते एकमेकांवर घासतात. रिकामा ग्राइंडर मोकळेपणाने फिरला, तर यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि दोष आतल्या मालाचा किंवा ओलीचा आहे. रिकामा असूनही तो अडत असेल, तर दात्यांत काहीतरी बसले आहे किंवा गंज चढला आहे. मूठ फिरते पण तळाचा शंकू फिरतच नाही असे दिसले, तर दांड्याचे टोक झिजले आहे किंवा साफसफाईनंतर भाग उलटे बसवले गेले आहेत. या तपासणीनंतर कोरड्या मालाचे थोडेसेच दाणे टाकून पुन्हा फिरवून पाहावे. आता नीट पडले आणि पूर्वीच्या मालाने पडत नव्हते, तर ग्राइंडर बदलून काहीही साधणार नाही.

मिठाचा ग्राइंडर: ओल हे मुख्य कारण

मिठाच्या ग्राइंडरची तक्रार आली की मी सर्वप्रथम मिठाकडे पाहते. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे निव्वळ मीठ, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतली ओल ओढून विरघळू लागते. त्याखाली ते बऱ्यापैकी कोरडे राहते. परंतु समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या, फारशी प्रक्रिया न केलेल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागते. कॅल्शियम क्लोराइडचीही जवळपास तीच कथा आहे. त्यामुळे करडे, हाताला दमट लागणारे जाडे समुद्री मीठ चवीला कितीही आवडत असले, तरी ग्राइंडरमध्ये ते टिकत नाही, कारण त्याच्या प्रत्येक खड्यावर ओलीचा पातळ थर जवळजवळ कायमच असतो. हा थर दात्यांमध्ये जाऊन भुकटीशी मिसळला की तेथे घट्ट लगदा तयार होतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे दिवसा-रात्रीच्या फरकाने होणारी मिठाची गुठळी. रात्री हवा गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, खड्यांचा पृष्ठभाग किंचित विरघळतो, आणि दिवसा हवा कोरडी झाली की तेच द्रावण सुकून पुन्हा स्फटिक बनते. हे नवे स्फटिक शेजारच्या खड्यांना एकमेकांशी सांधून टाकतात. परिणामी दात्यांच्या वर मिठाचा एक कडक घुमट तयार होतो, ज्याच्या वर माल भरलेला असतो आणि खाली पोकळी असते. ग्राइंडर आपटला की घुमट फुटतो, मीठ पडू लागते आणि आपल्याला वाटते की दुरुस्ती झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घुमट पुन्हा तयार होतो. आपटल्यावर तात्पुरते चालणारा मिठाचा ग्राइंडर जवळजवळ नेहमी याच कारणाने अडलेला असतो.

या ओलीचा सर्वांत मोठा स्रोत बाहेरची हवाही नसते, तर आपलीच शिजवण्याची पद्धत असते. उकळत्या भांड्यावर ग्राइंडर उलटा धरून मीठ दळले की तळाच्या उघड्या दात्यांवर थेट वाफ आदळते, गार धातूवर किंवा सिरॅमिकवर तिचे पाणी होते आणि ते ताज्या मिठाच्या भुकटीला मिळते. दळून झाल्यावर तो ग्राइंडर आपण चुलीशेजारीच ठेवतो, जिथे दर जेवणाच्या वेळी पुन्हा वाफ येते. ही एक सवय बदलली तर निम्म्याहून अधिक ग्राइंडर दुरुस्तीशिवाय सुधारतील असे माझे मत आहे. मीठ आणि मिरी लहान वाटीत किंवा तळहातावर दळून मग भांड्यात घालावी, आणि ग्राइंडरची जागा चूल, मोरी व किटली यांपासून दूर असावी. वाटीत दळण्याचा आणखी एक फायदा असा की किती मीठ पडले ते दिसते, जे भांड्यावर उलट्या ग्राइंडरमधून कधीच नीट कळत नाही.

ग्राइंडर अडलेलाच असेल, तर त्यातील सगळे मीठ काढून एका रुंद थाळीत किंवा ट्रेमध्ये पसरावे आणि ओव्हनमध्ये साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसवर वीस-तीस मिनिटे ठेवावे, किंवा कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहून कोरडे करावे. मीठ पूर्ण गार होईपर्यंत परत भरू नये. कोमट मीठ बंद पात्रात भरले की उरलेली वाफ आतच अडकते आणि सगळी मेहनत वाया जाते. मीठ गार होत असताना दात्यांमधला लगदा कोरड्या, ताठ केसांच्या जुन्या टूथब्रशने झाडावा आणि कोपऱ्यात बसलेले कण लाकडी टूथपिकने काढावेत. सिरॅमिकचे दाते पूर्ण सुटे होत असतील आणि लगदा दगडासारखा झाला असेल, तर फक्त तेवढेच भाग कोमट पाण्यात भिजवावेत, कारण मीठ पाण्यात विरघळतेच. मात्र नंतर ते मोकळ्या हवेत किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यावेत. दांडा, स्प्रिंग आणि लाकडी पात्र यांना पाणी लावू नये, आणि उत्पादकाने तसे स्पष्ट सांगितले नसेल तर ग्राइंडर भांडी धुण्याच्या यंत्रात मुळीच घालू नये.

मिठात तांदळाचे दाणे टाकण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. डब्यातल्या मिठासाठी तो थोडाफार चालतो. ग्राइंडरमध्ये मात्र ते तांदूळही दळले जातात आणि त्यांचे पीठ मिठात येते. शिवाय वरून वाफ येत राहिली तर काही दाणे तिच्यापुढे टिकाव धरत नाहीत. त्याऐवजी तळाला झाकण असलेला ग्राइंडर घेणे आणि पात्र काठोकाठ न भरता आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल इतकेच मीठ भरणे अधिक उपयोगी ठरते.

कोणते मीठ भरावे, हा प्रश्न त्यामुळेच ग्राइंडरच्या निवडीइतका महत्त्वाचा आहे. कोरडे, टणक, साधारण २ ते ४ मिलिमीटर आकाराचे खडे सर्वांत चांगले. खाणीतले सैंधव किंवा कोरडे करून विकलेले जाडे समुद्री मीठ या कामाला योग्य आहे. खडे यापेक्षा मोठे असतील तर ते दात्यांच्या तोंडाशी अडकून बसतात. ते आधी खलबत्त्यात थोडे फोडून घ्यावेत. पापुद्र्यासारखे पातळ मीठ हलके आणि ठिसूळ असते, ते दात्यांत खाली उतरत नाही, आणि ते तसेही बोटांनी चुरून घालण्यासाठीच असते. नेहमीचे बारीक मीठ तर ग्राइंडरमध्ये भरूच नये, कारण ते आधीच दात्यांच्या फटीपेक्षा बारीक असते. ते न दळता गळत राहते आणि तळाशी साचून ओल धरते. येथे एक सूचना करावीशी वाटते. ग्राइंडरसाठीच्या खड्यांच्या मिठात पुष्कळदा आयोडीन मिसळलेले नसते. घरातले सगळे मीठ त्याच ग्राइंडरमधून येणार असेल, तर वेष्टनावर हे तपासून पाहावे आणि रोजच्या शिजवण्यासाठी आयोडीनयुक्त मीठ वेगळे ठेवावे.

गंज आणि तपकिरी कण

मिठाच्या भुकटीत तपकिरी ठिपके दिसत असतील किंवा मूठ फिरवताना करकर आवाज येत असेल, तर दाते कार्बन पोलादाचे आहेत आणि ते गंजत आहेत असे समजावे. मिठातले क्लोराइड आणि थोडीशी ओल एवढे या गंजाला पुरते. गंजविरोधी म्हणून ओळखले जाणारे स्टेनलेस स्टीलही क्लोराइडपुढे पूर्ण सुरक्षित नसते. ओलसर मीठ त्याला चिकटून राहिले की त्यावर बारीक खड्डे पडू लागतात, फक्त त्याला वेळ जास्त लागतो. म्हणून मिठासाठी सिरॅमिकचे दाते ही माझी स्पष्ट शिफारस आहे. ते गंजत नाहीत, मिठापेक्षा कितीतरी कठीण असतात आणि झिजतही फार हळू. कठीणपणा १ ते १० या क्रमाने मांडणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत मिठाचा क्रमांक सुमारे २.५ आहे, तर ज्या ॲल्युमिनापासून असे दाते बनतात त्याचा ९. मीठ फोडण्यासाठी धारदार कडांची गरजही नसते, कारण मिठाचा स्फटिक ठरावीक सपाट पातळ्यांवर आपोआप दुभंगतो. त्याला केवळ दाब पुरतो. गंज मात्र दात्यांपुरताच पाहू नये. सिरॅमिक दाते असलेल्या ग्राइंडरचा दांडा, नट आणि स्प्रिंग धातूचेच असतात, आणि मिठाच्या ग्राइंडरमध्ये बऱ्याचदा आधी स्प्रिंगच गंजून तुटते. रिकाम्या तपासणीत शंकू सैल हलत असेल, तर स्प्रिंगकडे बघावे.

मिरीची गोष्ट वेगळी आहे. कठीण केलेल्या कार्बन पोलादाचे दाते मिरीसाठी अजूनही उत्तम मानले जातात, कारण त्यांना धारदार कडा देता येतात आणि त्या कडा दाण्याला नुसते चिरडण्याऐवजी कापतात. फ्रान्समधील प्यूजो या कंपनीने मेजावरचा मिरीचा ग्राइंडर १८७४ मध्ये आणला, तेव्हापासून या तत्त्वात मूलभूत बदल झालेला नाही, आणि ही कंपनी मिठासाठी व मिरीसाठी वेगवेगळ्या यंत्रणा देते ही बाबही बोलकी आहे. त्यामुळे दिसायला जुळ्या असलेल्या जोडीत दोन्हीकडे एकच यंत्रणा बसवलेली आढळली, तर ती दोहोंपैकी एकाशी तडजोड आहे असे समजावे. पोलादी दात्यांच्या मिरीच्या ग्राइंडरमध्ये चुकून मीठ भरले गेले असेल, तर ते लगेच काढून दाते कोरड्या ब्रशने झाडावेत आणि त्यातून थोडी मिरी दळून टाकून द्यावी, म्हणजे उरलेले मिठाचे कण बाहेर पडतील. मिरीचा ग्राइंडर साफ करण्यासाठी जाडे मीठ दळण्याचा सल्लाही या कारणाने पोलादी दात्यांना लागू करू नये.

मिरी पडत नाही किंवा एकसारखी पडत नाही

मिरीच्या ग्राइंडरला ओलीचा त्रास मिठापेक्षा कमी होतो, पण तिचे स्वतःचे दोन त्रास आहेत: दाण्याचा आकार आणि तेल. चांगल्या मिरीचा दाणा साधारण ५ मिलिमीटरचा असतो, आणि लहान ग्राइंडरच्या दात्यांचे तोंड कधी कधी इतके अरुंद असते की मोठे दाणे त्यावर एकमेकांना टेकून कमान करून बसतात. मूठ अगदी हलकी फिरते आणि काहीच पडत नाही, हे त्याचे लक्षण. ग्राइंडर थोडा तिरका करून हलवला की दाणे उतरतात. पात्र तीन-चतुर्थांशच भरावे, म्हणजे दाण्यांना हलायला जागा राहते. ही अडचण रोजचीच असेल, तर तो ग्राइंडर त्या मिरीसाठी लहान आहे आणि तेथे उपाय फक्त दोन: लहान दाण्याची मिरी घेणे किंवा मोठ्या तोंडाच्या यंत्रणेचा ग्राइंडर घेणे.

रंगीबेरंगी मिश्रण भरलेले ग्राइंडर बाजारात आकर्षक दिसतात, परंतु त्यातील गुलाबी दाणे खऱ्या मिरीच्या वेलीचे नसतातच. ते दुसऱ्याच झाडाचे फळ असून त्यांचे टरफल कागदासारखे पातळ आणि आतला भाग गोडसर व चिकट असतो. ते दात्यांवर लेपासारखे बसतात आणि मग काळी मिरीही त्या लेपावरून घसरते. मिश्रण आवडत असेल तर गुलाबी दाण्यांचे प्रमाण अगदी थोडे ठेवावे, किंवा ते वेगळे काढून खलबत्त्यात चुरावेत. पिंपळी आणि कबाबचिनीसारखे मोठे किंवा वेड्यावाकड्या आकाराचे मसालेही न फोडता मिरीच्या ग्राइंडरमध्ये घालू नयेत.

मिरीतले तेल दात्यांच्या तळाशी भुकटीशी मिसळून काळपट थर तयार करते. फार बारीक अंतरावर दळण्याची सवय असेल तर तो लवकर साचतो. लक्षण असे की मूठ जड होते, थोडीच आणि पिठासारखी भुकटी पडते, आणि तिला शिळा वास येतो. येथे पाणी हा उपाय नाही, कारण पाण्याने तेल निघत नाही आणि पोलाद मात्र गंजते. अंतर जाडसर करून दाते कोरड्या ब्रशने झाडावेत आणि मग चमचाभर कोरडा कच्चा तांदूळ दळावा. त्याचे पीठ तेल शोषून घेते आणि थर सोबत घेऊन बाहेर पडते. सुरुवातीला करडे पडणारे पीठ पांढरे पडू लागले की काम झाले. त्यानंतर दोन-तीन चिमटी मिरी दळून टाकून द्यावी. काही उत्पादक आपल्या यंत्रणेत मिरीखेरीज काहीही घालू नये असे सांगतात. तसे असेल तर ब्रशवरच थांबावे.

ग्राइंडर व्यवस्थित चालतो आहे, तरीही मिरीला चव लागत नाही, अशी तक्रार आली तर ती ग्राइंडरची नसते. मिरीचा तिखटपणा पिपरिन या घटकामुळे येतो, जो डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८१९ मध्ये मिरीतून वेगळा केला. तो सहज उडून जात नाही. सुगंध मात्र पायनिन, लिमोनिन, सॅबिनिन यांसारख्या उडनशील तेलांमुळे येतो, आणि दाणा फुटला की ती तेले हवेत जाऊ लागतात. त्यामुळे जुनी भुकटी जिभेला झोंबते पण दरवळत नाही. हाच मिरी ताजी दळण्यामागचा खरा हेतू आहे. अखंड दाणेही चुलीच्या उष्णतेजवळ वर्षानुवर्षे ठेवले तर फिके पडतात, म्हणून मोठा साठा बंद डब्यात गार, अंधाऱ्या जागी ठेवून ग्राइंडरमध्ये थोडेच दाणे भरावेत.

मिठाच्या बाबतीत असा कोणताही हेतू नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. मीठ दळल्याने ताजे होत नाही. त्यात उडून जाण्यासारखे काही नसतेच. ग्राइंडरने मिठाच्या कणाचा फक्त आकार बदलतो, आणि त्यामुळे ते जिभेवर किती वेगाने विरघळेल एवढाच फरक पडतो. ज्या घरात हवा कायम दमट असते आणि वरचे सगळे उपाय करूनही मीठ पुन्हा पुन्हा अडते, तेथे मिठाचा ग्राइंडर सोडून द्यावा आणि बारीक मीठ झाकणाच्या लहान भांड्यात ठेवून चिमटीने घालावे, असे मी मनापासून सुचवेन. वाचलेले पैसे मिरीच्या ग्राइंडरवर खर्च करावेत, कारण तेथे त्यांचा उपयोग चवीत दिसतो.

अंतर ठरल्या जागी राहत नाही

सकाळी जाडसर ठेवलेली मिरी संध्याकाळी पिठासारखी पडते किंवा याच्या उलट होते, ही तक्रार विशेषतः माथ्यावर नट असलेल्या ग्राइंडरांची असते. त्या रचनेत नट घट्ट केला की भुकटी बारीक, सैल केला की जाडसर. पण दळण्याच्या हालचालीने नट स्वतःच थोडा थोडा फिरत राहतो, विशेषतः मूठ उलट्या दिशेने फिरवली तर, आणि माल भरण्यासाठी नट पूर्ण काढावा लागत असल्याने प्रत्येक भरणीनंतर अंतर नव्याने ठरवावे लागते. त्यावर उपाय म्हणजे एकाच दिशेने, सहसा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवणे आणि नट कधीही जोर लावून शेवटपर्यंत न आवळणे. फार आवळल्यास दाते एकमेकांना टेकतात आणि मूठ अडते. मग लोक आणखी जोर लावतात आणि दाते किंवा दांडा खराब होतो. मूठ अडल्यास नट अर्धा फेरा सैल करून एकदा उलट फिरवावी. बहुतेक वेळा अडकलेला दाणा तेवढ्याने सुटतो.

ज्यांना वेगवेगळ्या पदार्थांसाठी जाडसरपणा वारंवार बदलावा लागतो, त्यांनी तळाशी टिकटिक करत ठरावीक टप्प्यांवर थांबणारी चकती असलेला ग्राइंडर घ्यावा. त्यात भरणी आणि अंतर यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही, त्यामुळे ही तक्रार मुळातूनच मिटते.

विजेवर चालणारे ग्राइंडर

या ग्राइंडरांत दात्यांचे वरचे सर्व त्रास तसेच राहतात, फक्त ते हाताला जाणवत नाहीत. मोटार गुरगुरते आणि थांबते. आवाज मंदावला असेल तर आधी सेल बदलावेत. सहा साधे अल्कलाइन सेल मिळून ९ व्होल्ट देतात, तर पुन्हा चार्ज होणारे सहा निकेल सेल ७.२ व्होल्टच देतात, म्हणून ते वापरल्यावर ग्राइंडर मंद चालणे अपेक्षितच आहे. एखादा सेल उलटा बसला असेल तरीही असाच त्रास होतो. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, कारण गळलेला अल्कलाइन सेल टोकांवर पांढरी क्षारयुक्त भुकटी सोडतो; ती हातमोजे घालून, व्हिनेगरात किंचित ओलावलेल्या कापडाने पुसून मग कोरडी करावी. ज्यांच्या मनगटात किंवा बोटांत दुखणे आहे त्यांच्यासाठी विजेचा ग्राइंडर खरोखर सोयीचा आहे. इतरांनी हाताचाच घ्यावा. त्यातला बिघाड हाताला लवकर कळतो.

कारण कळल्यावर निवड

येथवर आलेल्या वाचकाला आपल्या घरातले कारण बहुधा सापडले असेल, आणि त्याप्रमाणे निवड बदलते. ओलीने त्रास होत असेल तर सिरॅमिक दाते, तळाला घट्ट झाकण आणि पारदर्शक पात्र घ्यावे. पारदर्शक पात्राचा उपयोग दिसण्यासाठी नसून आत मिठाची गुठळी होऊ लागली की ती वेळेवर कळावी यासाठी आहे. दाण्यांची कमान हा त्रास असेल तर दात्यांच्या कड्याचा व्यास पाहावा. येथे उंचीने फसगत होते. उंच ग्राइंडरमध्ये माल जास्त मावतो, पण एका फेऱ्यात किती मिरी पडेल हे दात्यांचा व्यास ठरवतो, आणि पुष्कळ उंच ग्राइंडरांच्या तळाशी तीच लहान यंत्रणा बसवलेली असते. दुकानात ग्राइंडर उलटा करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. मिरीसाठी कठीण पोलाद, मिठासाठी सिरॅमिक ही जोडी रचनेच्या दृष्टीने सर्वांत निर्धास्त आहे. दोन वेगळ्या यंत्रणा मिळत नसतील तर दोन्हीकडे सिरॅमिक घ्यावे; मिरी किंचित चिरडली जाईल, पण गंजाची भीती राहणार नाही.

माल भरण्याचे तोंड इतके रुंद असावे की चमच्याने भरता येईल. मूठ आणि पात्र यांचा आकार ओल्या किंवा तेलकट हातातही पकडता येईल असा असावा, म्हणजे फार गुळगुळीत नसावा. लाकडी पात्र देखणे असते आणि हाताला छान बसते, परंतु दमट हवेत लाकूड फुगते आणि मूठ पात्राला घासू लागते. चुलीशेजारी जागा ठरलेलीच असेल तर लाकूड टाळावे. भरलेलेच विकत मिळणारे, झाकणातच दाते असलेले ग्राइंडर प्रवासाला किंवा तात्पुरत्या घरात चालतात. त्यांचे दाते सहसा प्लॅस्टिकचे असतात आणि मिठाच्या कठीण खड्यांवर ते झिजतात. झिजलेले प्लॅस्टिक अन्नाखेरीज दुसरीकडे कुठे जाणार, या विचाराने ते पुन्हा पुन्हा भरून वर्षानुवर्षे वापरणे मला पटत नाही.

विकत घेताना दात्यांचे साहित्य वेष्टनावर लिहिलेले आहे का ते वाचावे, आणि लिहिलेले नसेल तर विचारावे. सुटे भाग मिळतात का, हेही विचारावे. दात्यांचा संच, स्प्रिंग आणि माथ्याचा नट वेगळे मिळत असतील तर चांगले पात्र वर्षानुवर्षे टिकते. मिळत नसतील तर नट हरवला की संपूर्ण ग्राइंडर जातो.

सिरॅमिकचे दाते असलेला ग्राइंडर हातातून कडक फरशीवर पडला, किंवा मिरीत मिसळलेला एखादा खडा दात्यांत गेला आणि तडकल्यासारखा आवाज आला, तर तेव्हाच थांबावे. सिरॅमिक कठीण असले तरी ठिसूळ असते आणि त्याचा टवका पांढऱ्या मिठात डोळ्यांना दिसत नाही. आतला सगळा माल टाकून द्यावा, दाते सुटे करून उजेडात कडा बघाव्यात आणि बोटाऐवजी कापसाचा बोळा त्यांवरून हळूच फिरवावा. जेथे तंतू अडकतील तेथे कड तुटलेली आहे. असा दाता घासून किंवा चिकटवून वापरू नये, संपूर्ण संचच बदलावा. तसेच मिरी भरण्यापूर्वी ती दर वेळी पांढऱ्या ताटलीत पसरून खडे आणि काड्या वेचून घ्याव्यात.